उरलेल्या सहा मुलांचं काय झालं?

*प्रिय ताई,*

*आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. ती साडेचार वर्षांची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. हे तिला ठाऊक आहे, आम्ही कधी लपवलेलं नाही. गेल्या आठवड्यात घरी सगळे जमले होते म्हणून नाताळचा एक कौटुंबिक चित्रपट लावला. अनाथाश्रमातली सात मुलं, आश्रम बंद पडायच्या बेतात, आणि नाताळच्या आदल्या रात्री त्यांतल्या सगळ्यात धाकट्या, गुणी मुलीला आई-बाबा मिळतात. आम्ही सगळे डोळे पुसत होतो. (नणंद तिला जवळ घेऊन म्हणालीसुद्धा, "बघ, आमची राणीपण अशीच नशीबवान!") ती मात्र गप्प होती. रात्री झोपताना तिने एवढंच विचारलं, "उरलेल्या सहा मुलांचं काय झालं?" मी म्हटलं, त्यांनाही मिळाले असतील आई-बाबा. ती "बरं" म्हणाली आणि कूस बदलून झोपली.*

*तेव्हापासून ती फार शहाण्यासारखी वागतेय. न सांगता अंथरुणाची घडी घालते. चुलतभावाने तिची रंगपेटी मोडली तरी एक शब्द बोलली नाही. तिला दिलेली नाताळची भेट अजून खोक्यातच आहे, वरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. सासूबाई म्हणतात, असला चित्रपट दाखवलाच कशाला. नवरा म्हणतो, विषय काढू नकोस, विसरेल ती. माझं काही चुकलं का? आणि त्या प्रश्नाला उत्तर काय देऊ?*

*— एक आई*

प्रिय आई,

चित्रपट दाखवलात यात तुमचं काहीच चुकलं नाही. चुकलं असेल तर "त्यांनाही मिळाले असतील" या वाक्यात थोडंसं, आणि तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्यात जरा जास्त. त्या कंसाकडे येतेच, आधी चित्रपटाचं बोलते.

मी स्वतः अशा चित्रपटांची हक्काची गिऱ्हाईक आहे. बर्फ भुरभुरायला लागला, खिडकीत मेणबत्ती लागली की माझा रुमाल बाहेर आलाच. नाताळ आणि पोरकी मुलं ही जोडी काही चित्रपटवाल्यांनी जमवलेली नाही. मुळातली गोष्टच आसरा शोधणाऱ्यांची आहे. लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळेत जागा नाही म्हणून बाळाला गव्हाणीत निजवतात, आणि योसेफ रक्ताचं नातं नसलेल्या मुलाचा बाप होतो. ज्या संत निकोलसवरून सांताक्लॉज आला, त्याचे आई-वडीलही तो लहान असतानाच गेले असं परंपरा सांगते. तेव्हा या सणाला ही गोष्ट शोभते.

पण या चित्रपटांना एक खोड आहे. त्यांच्यात घर हे बक्षीस असतं. सगळ्यात गोड, सगळ्यात सोशिक, स्वतःची भाकरी दुसऱ्याला देणारं मूल शेवटी कुणाच्या तरी कडेवर बसतं. खोडकर मुलं हसवण्यापुरती असतात आणि शेवटच्या दृश्यात दाराशी उभी राहून हात हलवतात. आपण मोठी माणसं कडेवरच्या मुलीकडे बघून रडतो. तुमची मुलगी दाराशी उभ्या असलेल्यांना मोजत होती.

आता तो कंस. नणंदबाई प्रेमानेच बोलल्या, यात मला तिळमात्र शंका नाही. पण "नशीबवान" हा शब्द दत्तक मुलाच्या पाठीवर ओझ्यासारखा बसतो. नशिबाने मिळालेलं जपून वापरायचं असतं. ज्याच्यावर उपकार झालेत त्याने हट्ट करायचा नसतो, रंगपेटी मोडली म्हणून भांडायचं नसतं. शिवाय नशीब कुठलं? तुमच्यापर्यंत पोचण्याआधी तिची एक आई सुटली, मग साडेचार वर्षांत जी माणसं ओळखीची झाली तीही एका दिवसात सुटली. तिच्या बाजूने बघितलं तर जमेच्या आधी बरीच वजाबाकी झालेली आहे.

आणि ते खोकं. तुमच्या सगळ्या पत्रात मी तिथे थांबले. चिकटपट्टी न काढलेली वस्तू परत देता येते, हे नऊ वर्षांच्या मुलीला चांगलं कळतं.

मी तिला भेटलेले नाही, त्यामुळे छातीठोक सांगणार नाही. पण मला दोन गोष्टी दिसतात, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एक, आपण गुणी राहिलो नाही तर हे घर जाईल की काय, अशी भीती त्या चित्रपटाने जागी केली असावी. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. "उरलेल्या मुलांचं काय झालं" हा प्रश्न चित्रपटाबद्दलचा नसेलही. साडेचार वर्षांचं मूल म्हणजे तान्हं बाळ नव्हे. तिच्या शेजारी एक पलंग होता, त्यावर कुणीतरी झोपत होतं. त्याचा चेहरा, त्याची काही तरी सवय, कदाचित नावही तिच्यापाशी असेल. तिला न्यायला तुम्ही आलात, तेव्हा तेही मूल दाराशीच उभं असेल.

म्हणून "त्यांनाही मिळाले असतील" हे उत्तर तिला पटलं नाही. तिथली राहिलेली आहे ती, तिला माहीत आहे की सगळ्यांना मिळत नाहीत. तुमच्यावर बोट ठेवत नाही हो मी. याच चुकीची मी जुनी वाटेकरी आहे. खूप वर्षांपूर्वी एका डिसेंबरात आम्ही काहीजण एका बालगृहात भेटवस्तू घेऊन गेलो होतो. निघताना एका मुलाने माझ्या ओढणीचं टोक धरून विचारलं, "परत कधी येणार?" मी हसून म्हटलं, "लवकरच!" आणि गेले नाही. त्याने टोक लगेच सोडलं होतं. "लवकरच" म्हणजे काय हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

चित्रपट आणखी एक सोय करून घेतात. अनाथ मुलाचे आई-वडील पहिल्या पाच मिनिटांत अपघातात किंवा आजारात संपवून टाकतात, म्हणजे पुढे कुणी त्यांच्याबद्दल विचारायला नको. प्रत्यक्षात जगभरच्या बालसंस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई-वडील किंवा त्यांपैकी एकजण हयात असतो. गरिबी, आजारपण, मोडलेला संसार, समाजाचा धाक अशा कारणांनी मूल तिथे येतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत काय खरं आहे ते तुमच्याकडच्या कागदांत जेवढं असेल तेवढंच. पण आज ना उद्या "उरलेल्या मुलांचं काय" याच्या मागून "मग माझी पहिली आई कुठेय" हा प्रश्न येणार, हे धरून चाला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, सातव्या कलमात, शक्य असेल तिथवर आपले आई-वडील कोण हे जाणून घ्यायचा हक्क मुलाला दिलेला आहे. प्रश्न विचारला म्हणजे ती तुम्हाला कमी लेखते, असं त्या दिवशी मनात आणू नका.

एक गोष्ट सांगते. ही तुमच्यासाठी आहे, तिच्यासाठी अजून नाही. टॉमस कोरम नावाच्या एका दर्यावर्दी माणसाने सतरा वर्षं उंबरे झिजवून १७३९ साली लंडनमध्ये टाकलेल्या मुलांसाठी संस्था काढायची सनद मिळवली. १७४१ मध्ये पहिली बाळं आत घेतली. मूल ठेवणाऱ्या आया सोबत काहीतरी खूण ठेवत. एखादं नाणं, फीत, झबल्याचा नाहीतर बाहीचा कापलेला तुकडा. मुलाला तिथे नवं नाव मिळायचं, म्हणून कधी परत न्यायला आलं तर ओळख पटावी यासाठी ही खूण. ती मुलाला देत नसत, नोंदीच्या कागदाला लावून ठेवत. १७६७ साली एका आईने मुलासोबत तुकडे जोडून शिवलेली कापडाची पट्टी ठेवली. तिच्यावर बदामाचा आकार भरलेला, आणि तो मधोमध कापलेला. आठ वर्षांनी, १७७५ मध्ये, ती आली आणि मुलाला घेऊन गेली. असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आलं. बाकीचे हजारो तुकडे कागदांनाच लागून राहिले, ते अजून आहेत.

हे मी का सांगतेय? चित्रपटात आशा म्हणजे एका रात्रीत उघडणारं दार असतं. त्या कापडात ती आठ वर्षं कुठेतरी पेटीत घडी करून ठेवलेली होती. आणि जे तुकडे जुळले नाहीत, त्यांच्या आयांनीही कात्री चालवताना दुसरा अर्धा भाग जपूनच ठेवला असणार. मूल ठेवून गेलेली बाई म्हणजे मूल नकोशी झालेली बाई, असं समीकरण घरात कुणी मांडत असेल तर ते आधी तुमच्या मनातून पुसा. मग मुलीशी बोलताना आवाज आपोआप वेगळा लागतो.

आता बोलायचं कसं. समोर बसवून, "आपल्याला बोलायचंय" असं म्हणून नको. त्याने मोठी माणसंही आखडतात. कपड्यांच्या घड्या घालताना, प्रवासात, अंधारात शेजारी पडल्यावर, म्हणजे डोळे समोर नसताना म्हणा: "त्या रात्री मी तुला घाईघाईत उत्तर दिलं. खरं म्हणजे मला माहीत नाही. काहींना घर मिळालं असेल, काही तिथेच मोठी झाली असतील. तो चित्रपट बघताना तुला कुणाची आठवण आली का?" आणि मग गप्प बसा. ही गप्प बसायची पाच मिनिटं फार लांब वाटतात. ती "नाही" म्हणाली तर "बरं, आली तर सांग" एवढंच. आठ दिवसांनी तीच कधीतरी नळ सुरू असताना पाठमोरी उभी राहून सांगेल.

घराबद्दलच्या भीतीसाठी "आम्ही तुला निवडलं" हे वाक्य मात्र वापरू नका. बऱ्याच घरांत ते कौतुकाने म्हणतात. पण निवडलेली गोष्ट नापसंतही होऊ शकते, आणि निवडलं म्हणजे बाकीच्यांना वगळलं, तो हिशेब तर तिने आधीच केलाय. साधं सांगा: "तू गुणी होतीस म्हणून आम्ही तुला आणलं नाही. आम्हाला मूल हवं होतं, तुला घर हवं होतं, तू आमची झालीस. आता तू रंगपेटी फेकून मारलीस तर ओरडा खाशील, आणि रात्री इथेच, याच अंथरुणात झोपशील." आणि हे बोलून झाल्यावर तिने खरोखर दंगा केला तर नेहमीसारखं रागवा. हळवं होऊन सूट देऊ नका. अंथरुणाच्या घडीचं कौतुकही थोडं आवरा. ज्या मुलीला आपला गुणीपणा भाडं म्हणून भरायची सवय लागतेय, तिला दर महिन्याला पावती देऊ नये.

तुमच्या यजमानांना सांगा, मुलं विसरत नाहीत, फक्त हा विषय काढला की घरचे अस्वस्थ होतात हे शिकतात आणि मग विचारायचं सोडतात. सासूबाईंचंही मनावर घेऊ नका. असले चित्रपट बंद केले तर उद्या एखाद्या धड्यात, वाढदिवसात, मैत्रिणीच्या बोलण्यात ते येईलच. उलट तिची तयारी असेल तर तोच चित्रपट पुन्हा लावा, दोघीच बसा, रिमोट तिच्या हातात द्या. तिला हवं तिथे थांबवू द्या. शेवट झाल्यावर विचारा, पुढे काय झालं असेल त्या सहाजणांचं? ती म्हणाली की ते सगळे पळून गेले आणि त्यांनी जहाज चोरलं, तर चोरू द्या. म्हणाली की ते थंडीने मेले, तर लगेच शेवट गोड करायला धावू नका. "आणि मग?" एवढंच विचारा.

नणंदबाईंशी एकट्यात बोला. त्यांना वाईट वाटेल, पण वाटलं तरी चालेल. "नशीबवान" म्हणायचंच असेल तर ते आम्हा नवरा-बायकोला म्हणा, असं सांगा.

तिला त्या मुलांसाठी काही करावंसं वाटलं, तर सणाच्या दिवशी खाऊ वाटून फोटो काढून येणं नको. तिथल्या लोकांना काय हवंय ते आधी विचारा, आणि जे वर्षभर निभेल तेवढंच, अगदी थोडं, कबूल करा. शेजारच्या पलंगावरच्या मुलाची चौकशीही करता येईल. ते सांगतील किंवा नियमांमुळे सांगणार नाहीत. म्हणून मुलीला "विचारून बघते" एवढाच शब्द द्या. आणि झोप उडाली, शाळेत लक्ष लागेना, असं काही आठवडे चाललं तर दत्तक मुलांसोबत काम केलेल्या बालसमुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा काही नाही.

खोक्याला हात लावू नका. "अगं उघड ना" असंही म्हणू नका. तिच्या खणात राहू दे. फक्त घरातली कात्री तिच्या हाताला येईल अशा जागी ठेवा.

आणि तिने शेजारच्या पलंगावरचं ते नाव सांगितलंच, तर त्याच दिवशी तिच्यासमोर एका वहीत लिहून ठेवा. मला कळवलं नाहीत तरी चालेल.

तुमची,
ताई