पहिला आसूड कांगारूच्या चामड्याचा नको

कांगारूचं कातडं पातळ असूनही चिवट, म्हणून ऑस्ट्रेलियातले आसूड विणणारे तेच घेतात. पण महाग पडतं रे; तू आधी नायलॉनच्या पॅराकॉर्डवर (पॅराशूटला असते तसल्या बारीक, मजबूत दोरीवर) हात बसव.

वरची १२ पेडांची वीण सगळ्यांना दिसते. खरा आसूड आत असतो: गाभा, त्यावर ४ पेडांची वेणी, मग चामड्याचा वेढा, पुन्हा वेणी. आतला थर ढिला राहिला, की वरून कितीही आवळ, लचक येत नाही. निमुळता करायला टोकाकडे जाताना दोन-दोन पेड आत दडवत जा, थोड्या थोड्या अंतरावर. मी पहिल्या वेळी घाईत सगळे एकाच जागी दडवले. अजगराने उंदीर गिळल्यासारखा फुगवटा आला!

चामड्यावर आलास की कातड्याच्या पट्ट्यांना साबण-चरबीचा लेप लाव. आसूड वाजवताना डोळ्यांवर चष्मा हवाच, टोक आवाजाच्या वेगापुढे जातं.