गिअरबॉक्स घरीच उतरवायचा का?

ऑस्टिनहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे २००२ची ऑटोमॅटिक कॉर्व्हेट (शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार) आहे, कर्ज न काढता घेतलेली. हायवेवर गिअर घसरल्यासारखा वाटतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये पी१८७० हा बिघाडाचा कोड येतो. गॅरेजवाल्याने कोड वाचून ‘गिअरबॉक्स बदलावा लागेल’ म्हणत ६,८०० डॉलर सांगितले. हे स्वतः घरी करावं, क्रेडिट कार्डावर करून घ्यावं, की ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यातून, कर्ज काढावं, असा त्यांचा प्रश्न आहे. बाजूला ठेवलेले ९,००० डॉलर आहेत, घरखर्च महिना ५,५०० आणि सगळं जाऊन महिन्याला १,१०० उरतात. रोजच्या वापराची गाडी वेगळी आहे. ते एच-१बीवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या अमेरिकी व्हिसावर आहेत.

सर्वात आधी त्या कोडबद्दल. पी१८७० म्हणजे ट्रान्समिशनमध्ये, म्हणजेच गिअरबॉक्समध्ये, काहीतरी घसरतंय, एवढंच. तुमच्या ४एल६०-ई गिअरबॉक्समध्ये त्याचं नेहमीचं कारण म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) क्लचचा दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह ज्या भोकात सरकतो, ते भोक झिजणं. हा व्हॉल्व्ह ‘व्हॉल्व्ह बॉडी’ नावाच्या भागात असतो आणि ती व्हॉल्व्ह बॉडी खालचा ऑइलचा पॅन काढून निघते. गिअरबॉक्स जागेवरच राहतो. पॅनमध्ये जळकं काळं ऑइल आणि क्लचच्या अस्तराचा गाळ निघाला तर मात्र तिसऱ्या-चौथ्या गिअरचे क्लच गेले असं धरा, मग उतरवण्यावाचून इलाज नाही. नुसता कोड वाचून सांगितलेल्या ६,८०० डॉलरवर निर्णय घेऊ नका. फक्त ट्रान्समिशनचंच काम करणाऱ्या दुसऱ्या गॅरेजमध्ये पैसे मोजून तपासणी करून घ्या. या सगळ्या व्यवहारातला सर्वात फायद्याचा खर्च हाच आहे.

आता उतरवायची वेळ आलीच असं समजू. तुम्ही सगळे आकडे दिलेत हे फार बरं केलंत. ओव्हरहॉल केलेला गिअरबॉक्स २,९०० डॉलर, ऑइल-सील-बोल्ट ३००, जॅक, स्टँड आणि पाने धरून १,२००. एकूण ४,४००. गॅरेजपेक्षा २,४०० वाचतात. पहिल्यांदा करणाऱ्याला साठ तास लागतील असं धरलं तर तासाला ४० डॉलर होतात. वाचवलेल्या पैशावर आयकर लागत नाही, म्हणजे हा दर कागदावर दिसतो त्याहून चांगला आहे. खास अवजारं ऑटो पार्ट्सच्या मोठ्या दुकानांतून अनामत ठेवून उसनी मिळतात, तिथे आणखी थोडे वाचतील.

पण साठ तास मी उगाच म्हणत नाही. १९९७ ते २००४च्या कॉर्व्हेटमध्ये गिअरबॉक्स इंजिनाला चिकटून नसतो. तो मागे, डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) जोडलेला असतो आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्या मधून टॉर्क ट्यूब, म्हणजे आत फिरता दांडा असलेली नळी, जाते. त्यामुळे सायलेन्सर, मागचे अॅक्सल, ब्रेक कॅलिपर, आडवा लीफ स्प्रिंग हे सगळं सोडवून मागचा क्रेडल (हे भाग धरून ठेवणारी चौकट) खाली घ्यावा लागतो. मागचा भाग खाली आला की इंजिन कलतं, त्यालाही आधार लागतो. एवढं वजन उतरवताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका आणि एकट्याने हे काम करू नका.

पैशाच्या दृष्टीने सर्वात मोठा धोका बसवताना आहे. टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण आत बसला नसताना बोल्ट आवळले तर नव्या गिअरबॉक्सचा पंप फुटतो. तसं झालं तर वाचवलेले सगळे पैसे एका संध्याकाळी जातात, आणि स्वतः बसवलेल्या युनिटच्या वॉरंटीत असं नुकसान बसत नाही. विकत घेण्याआधी वॉरंटी वाचा: घरी बसवलेलं चालतं का, मजुरी मिळते का, ऑइल कूलर धुतल्याची किंवा बदलल्याची पावती मागतात का. वॉरंटी बऱ्याचदा खरेदीच्या तारखेपासून धावते, म्हणून जुना गिअरबॉक्स जमिनीवर आल्याशिवाय नवा मागवू नका.

आता पैसा कुठून? ९,०००ला हात लावू नका. नोकरी गेली तर एच-१बीवाल्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि तुमची गंगाजळी दोन महिनेसुद्धा पुरत नाही. मुळात तीही वाढवायला हवी, हे मला काळजीने सांगावंसं वाटतं. कार्डावर ६,८०० डॉलर २४ टक्क्यांनी दोन वर्षांत फेडायचे तर सुमारे १,८३० व्याज जातं. ४०१(के)चं कर्ज नोकरी सुटली की बहुतेकदा अंगावर येतं. वेळेत फेडलं नाही तर ती रक्कम काढली असं धरून कर लागतो आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर सहसा वर दहा टक्के दंड. म्हणजे नेमकं नको तेव्हा.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी बहुतेकांकडे नसते: ही गाडी उभी राहिली तरी कुणाचं अडत नाही. म्हणून महिन्याच्या १,१००मधले ७०० गाडीसाठी आणि ४०० गंगाजळीत टाका. आधी अवजारं घ्या. जुना गिअरबॉक्स परत केल्यावर मिळणारी ५०० डॉलरची अनामतही सुरुवातीला तुम्हालाच भरायची आहे, आणि टॉर्क ट्यूबचे रबर कपलिंग आणि बेअरिंग याच वेळी बदला, कारण नंतर त्यांच्यासाठी हीच सगळी मजुरी पुन्हा पडेल. त्याचे ४०० धरले तर ५,३०० हाताशी हवेत, म्हणजे सात-आठ महिने. उशीर वाटेल, पण मी असंच करा म्हणेन.

सोबत मॅन्युअल करून टाकू, असंही तुम्ही लिहिलंय. ते नको. टॉर्क ट्यूब, पेडल, क्लचचं हायड्रॉलिक, कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग, आणि डिफरन्शियलसुद्धा: त्याचं गिअरचं प्रमाण ऑटोमॅटिकला साधारण २.७३ असतं, मॅन्युअलला ३.४२. मॅन्युअलच हवी असेल तर ही दुरुस्त करून विका आणि कारखान्यातून मॅन्युअल आलेली घ्या.

घराच्या सोसायटीचे नियम बघा. सुटी केलेली गाडी रस्त्यावरून दिसेल अशी ठेवायला अनेक ठिकाणी मनाई असते. आणि गाडी उभी असेपर्यंत फक्त चोरी, आग, गारपीट एवढ्यापुरता विमा ठेवता येतो का, ते एजंटला विचारा. पहिल्या चाचणी फेरीच्या आधी पूर्ण विमा पुन्हा चालू झाल्याचं त्याच्याकडून लेखी घ्या.