आई आठवली की आजारपणच का आठवतं?

"मॅडम, आईचा विचार केला की मला तिच्या नाकातली नळी दिसते. त्याआधीची आई आठवतच नाही. मी तिला विसरत चालले का हो?"

शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण गोव्यात फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ही काळजी मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. कुणाची आई कर्करोगाने गेलेली असते, कुणाची पक्षाघाताने, कुणाची डायलिसिसच्या फेऱ्या करता करता. हे विचारतात ती बहुतेक सेवा केलेली माणसं. मुंबईहून चतुर्थीला येणारा भाऊ आईच्या गमती सहज सांगतो. रात्रंदिवस उशाशी बसलेली बहीण मात्र गप्प असते आणि मनातल्या मनात स्वतःला कृतघ्न ठरवते.

म्हणून आधी हे सांगते की हे विसरणं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून पेज द्यायची, पाठीला जखम होत नाही ना ते बघायचं, श्वासाचा आवाज बदलला की उठून बसायचं. असे महिनेच्या महिने ज्याने काढले, त्याचं मन सतत जागं राहिलेलं असतं. भीतीच्या वेळी पाहिलेलं मन घट्ट धरून ठेवतं, आणि तेच रोज पाहिलं तर अधिकच. जुन्या आठवणी गेलेल्या नसतात. त्यांच्या वाटेत हे आजारपण बसलेलं असतं.

एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना ताई म्हणू. एका पतसंस्थेत नोकरी, घरी नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. आईला पक्षाघात झाला, चौदा महिने अंथरुणावर होत्या, एकाहत्तराव्या वर्षी गेल्या. ताई माझ्याकडे आल्या तेव्हा आई जाऊन आठ महिने झाले होते. मोबाइलमधले आईचे फोटो त्यांनी उघडले नव्हते. मुलीसमोर आजीचं नाव काढायचं नाही, असं घरात न बोलता ठरलं होतं.

पहिल्या भेटीतच त्यांनी विचारलं, "दुःखाचे ते पाच टप्पे असतात ना? मी कितव्यावर अडकलेय?"

हे टप्पे आता सगळ्यांना ठाऊक झाले आहेत, पण अर्धेच. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडले तेव्हा त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलत होत्या. मागे राहिलेल्यांच्या दुःखाला ते नंतर लावले गेले, आणि लोकांना वाटू लागलं की ही जिन्याची पायरी आहे, एक चढलो नाही तर आपलं काहीतरी चुकतंय. ताईंना मी एवढंच म्हटलं, "तुम्ही कुठल्याही पायरीवर नाही. तुम्ही अजून आजारपणाच्या खोलीत आहात. आपण बाकीचं घर बघू."

"आईबद्दल सांगा" असं मी सहसा विचारत नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे माणूस पुन्हा शेवटच्या दिवसांकडेच वळतो. मी हातांबद्दल विचारते.

"आईंच्या हातात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळ काय असायचं?"

बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "आदोळी." म्हणजे नारळ खवायची विळी.

"कशा बसायच्या आदोळीवर?"

"एक पाय आदोळीच्या पाटावर, दुसरा दुमडून. नाही... थांबा." त्या खुर्चीतच थोड्या वाकल्या, हात पुढे घेतले, अर्धी करवंटी धरल्यासारखी मनगटं फिरवली आणि थांबल्या. "त्यापुढे नाही आठवत. मला बोलायची ती, पण काय बोलायची तेच आठवत नाही. आवाजच येत नाही."

मी पुढच्या वेळी मुलीला आणायला सांगितलं. ताई तयार नव्हत्या. "ती आता विसरलीय सगळं. उगाच रडेल."

मुलगी आली, खुर्चीच्या कडेवर बसली. मी तिला विचारलं, "बाय, आजी नारळ खवायची तेव्हा तू कुठे असायचीस?"

"समोर. खवलेला पहिला चव माझा." एवढं म्हणून तिने तळहात पुढे केला. "आजी आधी नारळाचा वास घ्यायची. खवट असला तर असं करायची." तिने नाक आक्रसलं, डोळे बारीक केले आणि मान झटकून ठसक्यात म्हटलं, "फटवलो गे माका!" म्हणजे, फसवलं गं मला!

ताई हसल्या. मोठ्याने. आणि मग रडल्या. हसण्यात आणि रडण्यात मध्ये जागाच नव्हती. आईचा आवाज त्यांना परत मिळाला होता, आणि तो लेकीच्या तोंडून मिळाला होता.

मी मुलीला विचारलं, "हे तू घरी कधी केलंस का?"

"नाही. आईला रडू येतं म्हणून."

माझ्या कामातला हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. आई मुलीला जपत होती, मुलगी आईला, आणि दोघींच्या मध्ये आजी एकटी पडली होती. लहान मुलं विसरत नाहीत. मोठ्यांचा चेहरा बघून ती गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्याला आपण विसरणं समजतो. तेव्हा मुलांसमोर आजीचं नाव काढा. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. "मला आजीची आठवण आली म्हणून रडू आलं, तुझ्यामुळे नाही," एवढं एक वाक्य बोला. मुलाला तेवढं पुरतं.

आता वहीबद्दल. ही रीत मी अनेक वर्षं वापरते आहे आणि तिच्यावर माझा विश्वास आहे. एक जाड लाँगबुक घ्यायचं. माणसाच्या आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला एक पान. वर साल लिहायचं, खाली त्या वर्षाबद्दल जे कळेल ते. ताईंच्या आईचा जन्म १९५२चा. ताईंनी सगळ्या पानांवर सालं टाकली आणि वही माझ्यासमोर आणली.

"आजारपणाला किती पानं आली?"

त्यांनी शेवटची पानं उलटली. "एक. सव्वा म्हणा." आणि एकदम चिडल्या. "एवढंच? ते चौदा महिने कसे गेले ते मला माहीत!"

"तुम्हाला तसेच गेले, ताई. ते तुमच्या आयुष्यातले फार जड महिने होते, ते कुणीच कमी लेखू नये. पण आईंच्या आयुष्यात ते सव्वा पान आहे."

त्या वही चाळत राहिल्या. पहिली पंचविसेक पानं त्यांच्या जन्माआधीची, सगळी कोरी. "हिच्याबद्दल तर मला काहीच माहीत नाही," त्या म्हणाल्या. आई ही आपल्या आईपणाआधीही कुणीतरी होती, हे त्या कोऱ्या पानांनी त्यांना सांगितलं. माझ्या बोलण्याने ते झालं नसतं.

मग डिचोलीच्या मावशीकडे फेऱ्या सुरू झाल्या. १९६१च्या पानावर आलं की डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा आई नऊ वर्षांची होती आणि शाळेची पायरी चढलेली नव्हती. पुढे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हा तिला पहिलीत घातलं. आपल्याहून लहान पोरांमध्ये बसून ती वाचायला शिकली. "म्हणून मला गृहपाठ झाल्याशिवाय जेवायला वाढायची नाही!" ताई म्हणाल्या. १९६७च्या पानावर जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल हे चिन्ह, केंद्रशासित राहायला दोन पानं. घरात वडील दोन पानांचे, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या या पोरीने अंगणात फुलाची रांगोळी घातली म्हणून बोलणी खाल्ली. चतुर्थीला गणपतीवर बांधतात त्या माटोळीसाठी कांगलां, म्हणजे रानफळं, आणायला मुलांची टोळी घेऊन डोंगरावर जाणारीही तीच. तीन-चार पानं आईला दुखावणारीही निघाली, लिहावीत की नाही असा प्रश्न पडला. मी म्हटलं, लिहा. फक्त गोड गोड लिहिलं तर ती आई तुमची राहत नाही.

माझा कल कुठे आहे ते लपवत नाही. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१७ साली मांडलं की शोक म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू काढून घेणं, आणि पुढे कित्येक दशकं "सोडून द्या, पुढे चला" हाच सल्ला दिला गेला. १९९६ साली शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठामपणे मांडलं की निरोगी माणसंही गेलेल्याशी नातं ठेवतात, फक्त त्याचं रूप बदलतं. मी या बाजूची आहे. आपल्याकडे श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात, तिथेही सोडून देणं नाहीच.

वहीने सगळ्यांचं भागत नाही, हेही स्पष्ट सांगते. वर्ष होत आलं तरी अंघोळ-जेवण-काम सुटलेलं असेल, झोप नसेल, किंवा "मीही तिच्याकडे जावं" असे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. असे विचार येत असतील तर वर्षाचीही वाट पाहू नका. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

बाकीच्यांनी या आठवड्यात लाँगबुक आणावं. आजारपणाचं पान आधी लिहून टाका, मनात भरून असतं ते, आणि मग मागे जा. फोटोंची घाई नको, ताईंनी ते वही अर्धी झाल्यावर उघडले. आईची पाठची बहीण किंवा शाळेतली मैत्रीण हयात असेल तर तिच्याकडे सगळ्यात आधी जा, मुलांना सोबत न्या आणि तिला मोठे प्रश्न विचारू नका. आई काय रांधायची, कुणाशी भांडायची, कशाला घाबरायची, एवढं विचारलंत तरी दुपार पुरणार नाही.