ईआरचे दोन रिपोर्ट, खरा कोणता?

प्रश्न: आईच्या (वय 61) स्तनातल्या गाठीची सुईने बायोप्सी केली तेव्हा ईआर पॉझिटिव्ह होतं. ऑपरेशननंतर त्याच गाठीच्या रिपोर्टात निगेटिव्ह आलंय. हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या की नाही ते यावरच ठरणार. कोणता रिपोर्ट खरा? – एक वाचक, सातारा

उत्तर: स्लाइड पाहिल्याशिवाय मी निकाल सांगणार नाही, पण हा निगेटिव्ह मुकाट्याने मान्य करू नका.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. पेशीच्या केंद्रकात बसून इस्ट्रोजेनच्या इशाऱ्यावर जनुकं चालू करणारं प्रथिन, म्हणजेच ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. ते तपासायला गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या ठोकळ्यातून पातळ काप काढायचा, फॉर्मॅलिनने (तुकडा नासू नये म्हणून वापरायच्या द्रावणाने) जखडलेलं प्रथिन मोकळं व्हावं म्हणून तो बफरमध्ये तापवायचा आणि मग त्यावर ईआरची अँटिबॉडी, म्हणजे नेमका ईआरलाच चिकटणारा रेणू, घालायची. प्रथिन असेल तिथे केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तिथे निळं. गाठीतल्या 1 टक्का पेशी जरी तपकिरी झाल्या, तरी आम्ही पॉझिटिव्ह लिहितो.

घोळ बहुतेक वेळा अँटिबॉडीच्या आधीच झालेला असतो. सुईचा बारीक तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडतो. मोठी गाठ मात्र तासाभरात चिरून त्यात ठेवावी लागते, नाहीतर ते आतपर्यंत झिरपतच नाही. पुढे किमान 6 तास, जास्तीत जास्त 72.

आमच्याकडे एकदा शनिवारी काढलेली गाठ सोमवारी आली, नुसत्या सलाइनमध्ये. स्लाइड पूर्ण निळी. निगेटिव्ह लिहिणारच होते, तेवढ्यात कडेच्या दोन निरोगी दूधनलिकांकडे लक्ष गेलं. त्यांतल्या काही पेशी तरी तपकिरी व्हायलाच हव्यात. एकही नव्हती! प्रथिन नासलं होतं आणि आम्ही ते ‘नाही’ म्हणून मोजत होतो. त्या बाईंच्या जुन्या बायोप्सीचा ठोकळा मागवून रंगवला, तर गाठ गडद तपकिरी. त्या दिवसापासून मी आधी नलिका पाहते, मग गाठ.

तेव्हा लॅबला फोन करून दोनच गोष्टी विचारा: गाठ फॉर्मॅलिनमध्ये कधी गेली, आणि निरोगी नलिकांनी रंग घेतला का? घेतला नसेल, तर बायोप्सीच्या ठोकळ्यावर तपासणी पुन्हा करून घ्या. ठोकळे जपून ठेवलेले असतात, हक्काने मागा. ऑपरेशनआधी केमो झाली असेल किंवा गाठीत दोन तऱ्हेच्या पेशी असतील, तर फरक खराही असू शकतो. दोन्ही रिपोर्ट कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर एकत्र ठेवा, आणि फेरतपासणी होईपर्यंत गोळ्या ‘नकोतच’ असं ठरवू नका. काय निघालं ते मला जरूर कळवा.