आवाजाचं काम माझ्याच गळ्यात का?

प्रश्न : ताई, मी सोलापूरला पत्रकारिता आणि जनसंवादाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा व्हिडिओ निर्मितीचा पेपर आहे. गटात आम्ही पाच जण, आणि वर्गातला एकुलता एक कॅमेरा पंधरा दिवसांतून एकदा आमच्या वाट्याला येतो, बाकी सगळं फोनवर. चादरीच्या कारखान्यावर पाच मिनिटांची फिल्म करायची आहे. तिघांना कॅमेराच हवा, एकाला दिग्दर्शन, उरलेला आवाज माझ्या गळ्यात. पहिल्याच दिवशी चालू मागाजवळ एका कामगारकाकांची मुलाखत घेतली. एक शब्द कळत नाही, आणि सगळे माझ्यावरच खेकसले. शिवाय चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. बाबांकडून 40,000 रुपये घेऊन स्वतःचा कॅमेरा घेऊ का? आणि श्रेयनामावलीत मुलं मला ‘ध्वनिसहाय्यक’ म्हणून टाकणार आहेत. टाकू देऊ का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : बाबांचे 40,000 बाबांकडेच राहू देत.

पट्ट्यांचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. त्यामुळे कारखान्यातली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर, म्हणजे एकेक चित्र टिपायचा वेळ, 1/50 किंवा 1/100 सेकंदावर बांधून ठेवा आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला टिपायची चित्रं, 25 घ्या. फोनच्या कॅमेऱ्यात शटर हाताने लावता येत नसेल तर तशी सोय देणारं ॲप टाका. आणि हे बघायचं काम त्या तीन कॅमेरामननी करायचं होतं, एवढं माझं नाव घेऊन सांग त्यांना.

आता आवाज. माझी पंचवीस वर्षं एडिटच्या खोलीत गेली. फोकस गेलेला शॉट मी शेकडो वेळा झाकला आहे. वर हाताचा शॉट टाकायचा, मागावर धागा नेणाऱ्या धोट्याचा टाकायचा, काम भागतं. न कळणारं बोलणं मात्र कशानेच झाकता आलं नाही.

मागाच्या शेडमध्ये शेजारी उभ्या माणसालाही कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. तिथे मुलाखत घ्यायचं ठरवणं ही दिग्दर्शकाची चूक, तुझी नव्हे. काकांना जेवणाच्या सुट्टीत गाठ, नाहीतर त्यांच्या घरी जा. आणि मागाचा आवाज वेगळा भरून आण. एकदा धोट्याजवळून, एकदा शेडच्या दारातून, एकदा बाहेरच्या बोळातून, प्रत्येकी दोन मिनिटं. एडिटमध्ये काकांच्या बोलण्याखाली तो बारीक ठेवायचा. जिथे मुलाखत घेतली तिथली अर्धा मिनिट नुसती शांतताही भरून घे. घराघराची शांतता निराळी असते. कापाकापीत मध्ये भोक पडलं की तीच कामाला येते.

खर्च करायचाच असेल तर काही शे रुपयांचा वायरचा कॉलर माइक आण. तो दुसऱ्या फोनला जोडून फोन काकांच्या खिशात ठेव. एअरप्लेन मोड विसरू नकोस, नाहीतर ऐन रंगात आलेल्या वाक्यात कुणाचा तरी फोन येईल. माइक हनुवटीच्या खाली साधारण वीतभर. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास, शून्याला टेकता कामा नये, तिथे आवाज फाटतो. फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नीट शिवता येत नाही. रेकॉर्डिंग सुरू झालं की कॅमेऱ्यासमोर एक टाळी, संपताना आणखी एक. फोनचा फ्रेम रेट थोडा डगमगतो, लांब मुलाखतीत ओठ आणि शब्द हळूहळू फारकत घेतात. दोन टोकांना टाळी असली तर जुळवता येतं.

आणि हेडफोन काढायचा नाही. उघड्या कानाला पंखा ऐकू येत नाही, सवय झालेली असते. माइकला येतो. फ्रिजही येतो. मालवणला एका आजींच्या स्वयंपाकघरात मी फ्रिज बंद करून सुंदर मुलाखत घेतली आणि तशीच निघून आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन, सुरमई वाया गेली! तेव्हापासून कुणाचा फ्रिज बंद केला की माझ्या गाडीची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवते. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही.

तुला वाटतंय, कॅमेरा हातात नाही म्हणजे आपण शिकत नाही. पण पाच जणांत काकांचं बोलणं पूर्ण ऐकणारी तू एकटीच असणार. बाकीचे फ्रेम बघत असतील. कुठलं वाक्य ठेवायचं, कुठे ते बोलता बोलता थांबले, हे एडिटला बसल्यावर तुलाच माहीत असेल. म्हणून एडिट मागून घे. चारही जण आनंदाने देतील, कारण ते रात्री जागून करायचं काम आहे.

दादासाहेब फाळक्यांचं एका परीने बरं होतं. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये आवाजाची कटकटच नव्हती. तोच हरिश्चंद्र पडद्यावर मराठीत बोलला तो 1932 मध्ये, ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’त. मधे एकोणीस वर्षं गेली. तुमच्या काकांकडे तेवढा वेळ नाही, परत जायचं तर याच आठवड्यात जा.

राहिलं श्रेयनामावलीचं. ‘ध्वनिसहाय्यक’ म्हणजे सहाय्य कुणाला? ध्वनिमुद्रक कोण आहे, हे त्या मुलांना विचार. तुझ्याशिवाय दुसरं नाव त्यांना सुचणार नाही. ‘ध्वनिमुद्रण’ असं लिहून पुढे तुझं नाव घाल आणि एडिट तुझ्याकडे आलंच असेल, तर ती पाटी तूच तयार कर.