वाचून दाखव, मग सही घे

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात पोलिसात तुझी नेमणूक झाली, बीटही, म्हणजे गस्तीची गावंही मिळाली, असं तुझ्या बाबांनी काल फोनवर सांगितलं. ऊर भरून आला. याच पट्ट्यात मी तीस वर्षं खाकी घातली आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. कवायत आणि कायदा तुला शिकवलाच असेल. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

ठाण्याची पायरी चढायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. सीमाभागात तर ती पायरी आणखी उंच. माणूस घरून मराठी घेऊन येतो आणि ठाण्यातला कागद कन्नडमध्ये चालतो. समोर काय लिहिलं जातंय ते त्याला कळत नाही, तरी सही करावी लागते. अविश्वास तिथूनच सुरू होतो, पोरी. लाठी फार पुढची गोष्ट.

मलप्रभेच्या काठावरून एका विधवा बाईची पाण्याची मोटार चोरीला गेली होती. "दिवेलागणीला होती, पहाटे बघते तर नाही," असं तिने सांगितलं. मला बंदोबस्ताला निघायचं होतं. घाईघाईने कन्नडमध्ये तक्रार लिहिली, त्यात संध्याकाळऐवजी दुपार लिहिली, आणि वाचून न दाखवताच तिचा अंगठा घेतला. शाईचं बोट तिने पदराच्या टोकाला पुसलं, ते अजून डोळ्यासमोर आहे. पुढे कोर्टात वकिलाने वेळ विचारली. तिने खरी वेळ सांगितली आणि कागदाने तिलाच खोटं पाडलं. आरोपी सुटला. बाहेर पडताना तिने फक्त माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही. त्यानंतर त्या गावातून चोरीची एकही तक्रार आमच्याकडे आली नाही. चोऱ्या थांबल्या होत्या असं थोडंच!

तक्रार लिहून झाली की ती वाचून दाखवायची, हा कायदाच आहे. आधी होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम १७३ मध्ये आहे. एफआयआरची प्रतही फुकट द्यायची असते. तुझ्यापुढे मराठी माणूस असेल तर कन्नडमधला मजकूर त्याला मराठीत समजावून सांग, त्याच्या तोंडून "होय, असंच झालं" येऊ दे, मग पेन पुढे कर. मराठीत अर्ज आणला म्हणून कुणी त्याला परत पाठवू लागलं, तर राज्यघटनेचं कलम ३५० शांतपणे दाखव. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क त्यात दिला आहे. आणि हो, कन्नड माणसाशी तितक्याच निगुतीने कन्नडमध्ये बोल. तू मराठी म्हणून तो बिचकता कामा नये.

आणखी एक. बाईमाणसाला, साठीपुढच्या म्हाताऱ्याला जबाबासाठी ठाण्यात बोलावू नकोस. त्याच सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे तूच त्यांच्या घरी जायचंस. ओसरीवर बसून घेतलेल्या जबाबात माणूस जे सांगतो, ते टेबलापुढे कधीच सांगत नाही.

आता बैठकांचं. गणपती आले, शिवजयंती आली की शांतता समितीची बैठक होते. पहिल्या रांगेत तेच ते पुढारी, मिरवणुकीची वेळ, डॉल्बीचा आवाज, चहा, फोटो. त्यातून परवानगीचं काम होतं, ओळख होत नाही. १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत भिवंडी होरपळली होती. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून गेले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं पोलिसांबरोबर नेमाने बसू लागली. पुढे १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. बैठका भांडणाच्या आधी झाल्या होत्या, भांडण सुरू झाल्यावर नव्हे. तूही सण नसलेल्या महिन्यात जा. रोप लावणीच्या दिवसांत बांधावर उभी राहा, बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बायकांजवळ टेक, शाळा सुटताना फाटकापाशी थांब. वही काढू नकोस. आधी ऐक.

१ नोव्हेंबर तुला जड जाईल. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे काळा दिन पाळणाऱ्या आपल्या लोकांची सायकल फेरी, त्यात कदाचित तुझा चुलतभाऊ. १९५६ मध्ये हा पट्टा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासूनची ही जखम आहे आणि महाराष्ट्राचा त्यावरचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; तो तुला चौकात उभं राहून सोडवायचा नाही. दोन्हीकडच्या पोरांना त्या दिवशी एकच नियम लाव. वर्षभर नावानिशी ओळखलेल्या पोराला "घरी जा रे" म्हटलं की तो जातो. अनोळखी खाकीचं तो ऐकत नाही, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

त्या मोटारवाल्या बाईचं गाव तुझ्याच बीटमध्ये येतं. तिच्याकडे जाशील तेव्हा माझं नाव सांगू नकोस. तुझा निरोप आला की मी स्वतः येतो. खटल्यात चूक माझी होती, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

तुझा,
काका