तिकीट एक की दोन? विमानप्रवाशांच्या भरपाईचे प्रश्न

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मस्कतला नोकरीला आहे. गेल्या जुलैत सुट्टी संपवून परत जाताना त्याने बाजारातल्या एजंटाकडून मोपा (गोव्याचा विमानतळ) ते मुंबई आणि मुंबई ते मस्कत अशी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटे काढली. मोपाचे विमान सुटण्याच्या तीन तास आधी रद्द झाले, दुसरे विमान वेळेत मिळाले नाही आणि मुंबईहून सुटणारे विमान चुकले. मस्कतचे नवे तिकीट 28,000 रुपयांना घ्यावे लागले. पहिल्या कंपनीने फक्त मोपा–मुंबई तिकिटाचे पैसे परत केले. प्रवास परदेशाचा होता, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनी मोठी भरपाई मिळेल असे काहीजण सांगतात. ते खरे आहे का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपल्या भावाचे जे नुकसान झाले, तसे कोकणातल्या अनेक घरांतून होत असते, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा तिकीट कसे काढले यातच असते. कायद्याच्या दृष्टीने प्रवास देशांतर्गत की आंतरराष्ट्रीय हे विमान कुठून कुठे उडाले यावरून ठरत नाही, तर प्रवासी आणि कंपनी यांच्यातील करार कुठून कुठपर्यंतचा आहे यावरून ठरते. मोपा–मुंबई–मस्कत हा प्रवास एकाच तिकिटावर असता, तर मोपा ते मुंबई हा टप्पासुद्धा आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग मानला गेला असता आणि त्याला 1999 चा मॉन्ट्रियल करार लागू झाला असता. भारत 2009 पासून या कराराचा सदस्य आहे, आणि आपल्याकडे तो 1972 च्या विमान वाहतूक कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातून लागू होतो. आपल्या भावाची तिकिटे मात्र दोन असल्यामुळे पहिला करार मोपा ते मुंबई एवढाच होता आणि तो देशांतर्गत ठरतो. दुसऱ्या कंपनीचे विमान वेळेवर सुटले, त्यामुळे तिच्याकडे मागण्यासारखे काही उरत नाही.

म्हणून आपला मार्ग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांचा आहे. उड्डाण रद्द होणार असल्याचे कंपनीने निदान 24 तास आधी कळवलेले नसेल, तर तिने प्रवाशाला मान्य होईल असे पर्यायी विमान द्यावे, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे परत करून शिवाय भरपाई द्यावी, असे हे नियम सांगतात. ही भरपाई ब्लॉक टाइमवर, म्हणजे विमान एका विमानतळावर जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतच्या नियोजित वेळेवर ठरते. तो एक तासापर्यंत असेल तर 5,000 रुपये, एक ते दोन तास असेल तर 7,500 रुपये आणि दोन तासांहून अधिक असेल तर 10,000 रुपये. मोपा–मुंबई उड्डाण मधल्या गटात येते. परंतु येथे एक अट आहे आणि ती प्रवाशाला सहसा कोणी सांगत नाही : ही ठरलेली रक्कम किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल तेच मिळते. भावाच्या तिकिटावर कर आणि विमानतळ शुल्क वगळून मूळ भाडे व इंधन शुल्क मिळून 2,400 रुपये असतील, तर भरपाई 2,400 रुपयेच होईल. स्वस्त तिकिटाच्या प्रवाशाला या अटीमुळे फारच थोडे मिळते, आणि माझ्या मते ती बदलायला हवी, कारण ऐनवेळी खोळंबलेल्या माणसाचे नुकसान त्याच्या तिकिटाच्या किमतीवरून मोजता येत नाही.

उड्डाण रद्द होण्याचे कारण काय होते, हेही पाहावे लागेल. खराब हवामान, पूर, संप, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रणाच्या अडचणी यांसारख्या कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणांसाठी भरपाई देण्याचे बंधन कंपनीवर नसते, आणि जुलैच्या पावसात आपल्या किनाऱ्यावर हे कारण पुष्कळदा खरेही असते. मात्र कंपनीने पाठवलेल्या संदेशात ‘ऑपरेशनल कारणामुळे’ एवढेच लिहिले असेल, तर तेवढ्यावर समाधान मानू नका. नेमके कारण लेखी कळवा असा ईमेल पाठवा. हवामानाचे कारण सांगितले गेल्यास त्याच सुमारास मोपाला इतर विमाने उतरली किंवा सुटली होती का, याची नोंद आपल्या बाजूचा चांगला पुरावा ठरू शकते. शिवाय भरपाई नाकारता येते याचा अर्थ प्रवाशाची सगळी जबाबदारी झटकता येते असा होत नाही. धुक्यामुळे झालेल्या विलंबाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली असे म्हटले की, धुक्यासाठी कंपनीला दोषी धरता येत नसले, तरी थांबलेल्या प्रवाशांना खाणेपिणे आणि किमान सोयी पुरवणे तिच्यावर बंधनकारकच आहे.

तिकीट एजंटाने काढले असल्यामुळे आणखी एक गोष्ट तपासा. बुकिंगमध्ये प्रवाशाचा मोबाइल क्रमांक आहे, की एजंटाने स्वतःचाच टाकला आहे? संपर्काचा पुरेसा तपशील प्रवाशाने दिलेला नसेल, तर कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि आपल्याकडे बाजारातल्या एजंटाकडून निघालेल्या कितीतरी तिकिटांवर एजंटाचाच क्रमांक असतो.

नव्या तिकिटाचे 28,000 रुपये डीजीसीएच्या नियमांतून मिळणार नाहीत. चुकलेल्या जोडविमानाचा विचार हे नियमही एकाच तिकीट क्रमांकावरच्या प्रवासापुरताच करतात. तरीही रद्द करण्याचे कारण कंपनीच्या स्वतःच्या हातातले होते असे दिसून आले, तर सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगापुढे ही रक्कम मागण्याचा मार्ग आपल्याला मोकळा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, म्हणजे आपल्याला मुंबई किंवा दिल्ली गाठण्याची गरज नाही. सिंधुदुर्गचा जिल्हा आयोग पुरतो. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. मात्र निकाल आपल्याच बाजूने लागेल अशी खात्री मी देणार नाही, कारण दोन तिकिटांमधला धोका प्रवाशानेच पत्करला होता असा युक्तिवाद कंपनी नक्की करील. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, मग केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर, आणि त्यानंतरही दाद लागली नाही तर आयोगाकडे जा.

प्रश्न : चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुंबईहून मोपाला येण्याचे माझे तिकीट कन्फर्म होते आणि मी वेळेत पोचलो होतो. तरी काउंटरवर जागा भरल्याचे सांगून मला रात्रीच्या विमानाने, सात तास उशिरा पाठवले. हे चालते का? – एक वाचक, मालवण

उत्तर : जादा तिकिटे विकण्यास बंदी नाही, पण त्याची किंमत कंपनीने मोजली पाहिजे. जागा कमी पडत असतील तर कंपनीने प्रथम स्वेच्छेने मागे राहण्यास तयार असलेले प्रवासी शोधायचे असतात. त्यानंतरही एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध उतरवले आणि मूळ वेळेनंतर एका तासाच्या आत दुसरे विमान दिले नाही, तर भरपाई द्यावीच लागते. दुसरे विमान 24 तासांच्या आत असेल तर मूळ भाडे अधिक इंधन शुल्काच्या 200 टक्के, कमाल 10,000 रुपये; त्याहून उशिराचे असेल तर 400 टक्के, कमाल 20,000 रुपये. प्रवाशाने पर्यायी विमान नाकारले, तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर ही 400 टक्क्यांची भरपाई. आपण रात्रीच्या विमानाने आलात, त्यामुळे आपण 200 टक्क्यांच्या नियमात बसता. दुसरे विमान स्वीकारले म्हणून हा हक्क जात नाही. बोर्डिंग पास आणि काउंटरवर पोचल्याची वेळ दाखवणारा कोणताही पुरावा जपून ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात बहारीनला मुलीकडे जाताना मी सामानात हापूसच्या दोन पेट्या आणि कपड्यांची बॅग दिली होती. सगळे सामान पाचव्या दिवशी मिळाले. आंबे कुजले होते, त्यांच्या रसाने कपडे खराब झाले आणि बॅगेचे चाक तुटले होते. मिळाल्यापासून आज बारा दिवस झाले आहेत. विमानतळावर काही लिहून दिले नव्हते. आता काही करता येईल का? – एक वाचक, देवगड

उत्तर : करता येईल, पण हा अंक हातात पडताच तक्रार लिहा. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे सामानाच्या मोडतोडीची लेखी तक्रार सामान ताब्यात मिळाल्यापासून 7 दिवसांत करावी लागते आणि सामान उशिरा मिळाल्याची तक्रार 21 दिवसांत. म्हणजे तुटलेल्या चाकाची मुदत आपल्या हातून गेली आहे, विलंबाची मात्र अजून शिल्लक आहे. तेव्हा तक्रार ‘सामान पाच दिवस उशिरा मिळाल्यामुळे झालेले नुकसान’ या शब्दांत करा. त्यात खराब झालेले कपडे आणि बहारीनमध्ये पाच दिवस जे कपडे व गरजेच्या वस्तू विकत घ्याव्या लागल्या, त्यांच्या पावत्या जोडा.

आंब्यांबाबत कंपनी दोन गोष्टी पुढे करील. नाशवंत मालाची जबाबदारी आम्ही घेत नाही, असे वाहतुकीच्या अटींमध्ये बहुतेक कंपन्यांनी लिहिलेले असते. शिवाय वस्तूच्या अंगभूत स्वभावामुळे झालेल्या नासाडीची जबाबदारी करारही वाहकावर टाकत नाही. परंतु आपले आंबे केवळ आंबे म्हणून कुजले नाहीत. घरून निघताना कच्चे असलेले फळ पाच दिवस बंद पेटीत गरमीत पडून राहिले म्हणून कुजले. ते वेळेत मिळाले असते तर मुलीच्या घरी आढीत पिकले असते. पेटी भरली त्या दिवसाचे फोटो असतील तर ते जोडा आणि हा मुद्दा सोडू नका. कंपनीला सुटायचे असेल, तर विलंब टाळण्यासाठी शक्य ते सर्व केले होते हे तिला सिद्ध करावे लागते. ते ओझे आपल्यावर नाही.

रकमेच्या बाबतीत देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय प्रवासातला फरक येथे सर्वांत ठळक दिसतो. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानीची मर्यादा प्रवाशामागे 20,000 रुपये आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या एककात मोजतात, आणि डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून कराराखाली ती प्रवाशामागे 1,519 एसडीआर, म्हणजे रुपयांत दीड लाखाहून अधिक झाली आहे. ही मर्यादा आहे, ठरलेली भरपाई नव्हे. सिद्ध झालेल्या नुकसानीइतकेच पैसे मिळतात. सामान 21 दिवसांनंतरही आले नाही तर ते हरवले असे धरून दावा करता येतो. दावा ग्राहक आयोगात न्यायचा झाल्यास तो विमान मुक्कामी पोचल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत दाखल केला पाहिजे. ग्राहक कायद्याच्या दोन वर्षांच्या मुदतीत योग्य कारण दाखवल्यास सवलत मिळू शकते, कराराच्या मुदतीनंतर मात्र हक्कच संपतो.

प्रश्न : माझा मुलगा एका युरोपीय कंपनीच्या विमानाने मुंबईहून फ्रँकफर्टला पाच तास उशिरा पोचला. कारण तांत्रिक बिघाड. त्याला काही मिळेल का? – एक वाचक, दापोली

उत्तर : हो, 600 युरो. युरोपीय संघाचा 2004 चा 261 क्रमांकाचा नियम युरोपातून सुटणाऱ्या सर्व विमानांना लागू आहे, आणि बाहेरून युरोपात येणाऱ्या विमानांपैकी फक्त युरोपीय कंपन्यांच्या. मुलगा भारतीय कंपनीच्या विमानाने गेला असता तर हा नियम लागू झाला नसता; मात्र त्याच भारतीय कंपनीने फ्रँकफर्टहून परत येताना असा उशीर झाला असता तर लागू झाला असता. 3,500 किलोमीटरहून लांबच्या प्रवासात चार तासांहून अधिक उशीर झाल्यास पूर्ण रक्कम मिळते, आणि नेहमीचा तांत्रिक बिघाड हे युरोपीय न्यायालयाने सुटकेचे कारण मानलेले नाही. येथे नुकसानीचा पुरावाही द्यावा लागत नाही. मुलाने कंपनीच्या संकेतस्थळावरचा अर्ज स्वतः भरावा. त्यासाठी टक्केवारी घेणाऱ्या मध्यस्थांची गरज नाही.